80 रुपयांचा मंत्रिमंडळ तक्ता : आठ महिन्यांच्या वापरानंतर

चांदवडला तहसील कार्यालयासमोर माझे अर्ज आणि निवेदने टंकलिखित करून देण्याचे छोटे दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात तेथे एक टंकलेखन यंत्र आणि दोन खुर्च्या होत्या, आता संगणक, प्रिंटर आणि झेरॉक्सचे यंत्र आले आहे, पण येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न अजून तोच आहे : "ताई, अर्ज कुणाच्या नावानं करायचा?" तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत इथपर्यंत उत्तर सोपे असते. तेथे दाद लागली नाही की माणूस 'आता थेट मंत्र्यालाच लिहा' म्हणतो आणि माझी अडचण सुरू होते, कारण राज्यात तीन पक्षांचे सरकार आहे आणि कोणते खाते कोणाकडे आहे हे रोज वृत्तपत्र वाचणाऱ्यालाही चटकन सांगता येत नाही. म्हणून जानेवारी 2025 च्या अखेरच्या आठवड्यात कागद आणायला नाशिकला गेले असताना बसस्थानकाजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात टांगलेला 'महाराष्ट्र राज्य मंत्रिमंडळ' हा भिंतीवरचा तक्ता 80 रुपयांना विकत घेतला. छापणाऱ्याचे नाव येथे देत नाही. असे तक्ते चार-सहा जण छापतात, आणि पुढे सांगितलेले दोष मी चाळलेल्या सगळ्याच तक्त्यांत थोड्याफार फरकाने आहेत.

वस्तू म्हणून तक्ता चांगला आहे. कागद जाड आहे, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन आहे, वर-खाली पत्र्याच्या पट्ट्या असल्याने तो गुंडाळी होऊन वर चढत नाही. पावसाळ्यात माझ्या दुकानाच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल येते, तरीही रंग फुटलेला नाही. लॅमिनेशनवर पेनची शाई टिकत नाही, हा दोष वाटला होता. मात्र त्यावर चिकटवलेली चिठ्ठी अलगद काढता येते आणि खालचा मजकूर फाटत नाही. हा गुण विकत घेताना माझ्या लक्षातही आला नव्हता. पुढच्या आठ महिन्यांत तोच सर्वांत उपयोगी पडला.

मांडणी मात्र लग्नाच्या फोटो अल्बमसारखी आहे. वर मध्यभागी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, त्यांच्या दोन्ही बाजूंना किंचित लहान चौकटीत तेव्हाचे दोन उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि अजित पवार, खाली ओळीने 33 मंत्री आणि तळाशी 6 राज्यमंत्री. प्रत्येक छायाचित्र काडेपेटीएवढे, त्याखाली नाव ठळक आणि त्याखाली खाते पंचांगातल्या तिथीइतक्या बारीक अक्षरात. मला आणि माझ्याकडे येणाऱ्यांना चेहरा नको असतो, खाते हवे असते. म्हणजे ज्यासाठी तक्ता घ्यायचा तीच गोष्ट वाचायला स्टुलावर चढावे लागते. मथळ्याविषयीही एक तक्रार आहे, ती कोणाला किरकोळ वाटली तर हरकत नाही. राज्यमंत्री धरून सगळ्यांची मिळून होते ती मंत्रिपरिषद, आणि संविधानाच्या अनुच्छेद 164 मध्येही हाच शब्द आहे. बोलताना आपण सगळेच सरसकट मंत्रिमंडळ म्हणतो. परंतु माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला येणारी स्पर्धा परीक्षेची मुले हा तक्ता पाहून टिपणे काढतात आणि तेथे या शब्दाला गुण असतात.

एकूण संख्या तक्त्याने बरोबर दिली आहे. 5 डिसेंबर 2024 ला आझाद मैदानावर तिघांचा शपथविधी झाला आणि 15 डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात आणखी 39 जणांचा, असे मिळून 42. 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. आपली विधानसभा 288 सदस्यांची, म्हणजे मुख्यमंत्री धरून कमाल 43. याचा अर्थ एक जागा मोकळी ठेवली होती. तक्त्यात या मोकळ्या जागेचा उल्लेख नाही, तो असायला हवा होता. आघाडीच्या सरकारात रिकामी खुर्चीही बरेच काम करते : जे आत आले नाहीत त्या सर्वांना तिच्याकडे बोट दाखवता येते.

खरा दोष पुढचा आहे. या तक्त्यावर कोणत्याही मंत्र्याचा पक्ष लिहिलेला नाही. छापणाऱ्याने कदाचित सर्व पक्षांच्या कार्यालयांत तक्ता खपावा म्हणून असे केले असेल. पण पक्षाचा रकाना गाळला की आघाडीचे मंत्रिमंडळ वाचताच येत नाही. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत भाजपला 132, शिंदे यांच्या शिवसेनेला 57 आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला 41 जागा मिळाल्या. डिसेंबरात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री धरून भाजपचे 20, शिवसेनेचे 12 आणि राष्ट्रवादीचे 10 मंत्री झाले. भागाकार करून पाहिला तर भाजपच्या साधारण साडेसहा आमदारांमागे एक मंत्री येतो, शिवसेनेच्या पावणेपाच आमदारांमागे एक, आणि राष्ट्रवादीच्या चारांपेक्षा थोड्या जास्त आमदारांमागे एक. लहान भागीदाराला संख्येत झुकते माप मिळते आणि मोठा भागीदार त्याची भरपाई वजनदार खात्यांतून करून घेतो. गृह, महसूल, जलसंपदा आणि ऊर्जा भाजपकडे राहिली. नगरविकास आणि गृहनिर्माण शिंदे यांच्याकडे गेले. वित्त, नियोजन आणि उत्पादन शुल्क अजित पवार यांच्याकडे. हा सौदा तीन रंगांच्या तीन पट्ट्यांत एका दृष्टिक्षेपात दाखवता आला असता. त्याऐवजी सगळ्या छायाचित्रांच्या मागे एकच आकाशी रंग आहे.

पक्षाचा रकाना नसण्याने काय बिघडते, हे मला तक्ता वापरू लागल्यावर दोन महिन्यांच्या आतच कळले. 4 मार्चला अन्न व नागरी पुरवठा मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा झाला. मी त्यांच्या खात्यावर पहिली चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर काहीच लिहिले नाही, कारण त्या खात्याला स्वतंत्र मंत्री कधी मिळणार हे कोणालाच सांगता येत नव्हते. रेशनकार्डातील नावे ऑनलाइन दिसत नाहीत म्हणून त्या दिवसांत माझ्याकडे रोज दोन-तीन अर्ज असत. 20 मे रोजी छगन भुजबळ यांचा शपथविधी झाला आणि तेच खाते त्यांना मिळाले. 31 जुलैच्या रात्री, मोबाइलवरील रमीच्या चित्रफितीवरून उठलेल्या वादानंतर, माणिकराव कोकाटे यांचे कृषी खाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे आणि भरणे यांचे क्रीडा, युवक कल्याण व अल्पसंख्याक विकास हे खाते कोकाटे यांच्याकडे गेले. सकाळी दुकान उघडून मी आणखी दोन चिठ्ठ्या लावल्या. म्हणजे आठ महिन्यांत तीन चिठ्ठ्या, आणि गंमत अशी की त्यांपैकी एकीनेही पक्षाची सीमा ओलांडलेली नाही. मुंडे गेले आणि भुजबळ आले, कोकाटे आणि भरणे यांची अदलाबदल झाली. चारही जण राष्ट्रवादीचे आणि तिन्ही खाती राष्ट्रवादीच्याच वाट्यातली. वाटणी पक्षापक्षांत एकदा झाली की माणूस बदलतो, वाटा बदलत नाही. 'अन्न व नागरी पुरवठा – राष्ट्रवादी' आणि 'कृषी – राष्ट्रवादी' असे आधी छापून पुढे व्यक्तीचे नाव दिले असते, तर तक्त्याचा तीन चतुर्थांश भाग आठ महिन्यांनंतरही जसाच्या तसा खरा राहिला असता.

हे मी केवळ या एका तक्त्यावरून म्हणत नाही. सासऱ्यांना जुने तक्ते जपून ठेवण्याची सवय होती, ती मीही मोडली नाही, आणि माळ्यावर एका जुन्या साडीत गुंडाळलेले तक्ते मी या परीक्षणासाठी मुद्दाम खाली काढले. 2020 च्या आरंभीचा तक्ता महाविकास आघाडीचा आहे. 28 नोव्हेंबर 2019 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे आणि तिन्ही पक्षांचे प्रत्येकी दोन मंत्री, मग 30 डिसेंबरला आणखी 36, म्हणजे पूर्ण 43. तेथे एकही खुर्ची मोकळी नव्हती. (त्याआधी 23 नोव्हेंबरच्या सकाळी शपथ घेऊन 26 तारखेला राजीनामा दिलेल्या फडणवीस-पवार सरकारचा तक्ता अर्थातच कोणी छापला नाही.) त्या तक्त्यावर सासऱ्यांच्या हातची एक चिठ्ठी अजून आहे : गृह खात्यावर अनिल देशमुख यांच्या नावावर 'दिलीप वळसे पाटील, एप्रिल 2021'. तेथेही खाते राष्ट्रवादीकडेच राहिले. 2022 च्या तक्त्यावर फक्त वीस चेहरे आहेत. 30 जूनला शिंदे आणि फडणवीस यांनी शपथ घेतली, पुढचे चाळीस दिवस दोघांनीच राज्य चालवले आणि 9 ऑगस्टला 18 जण आले, भाजपचे नऊ आणि शिंदे यांच्या शिवसेनेचे नऊ. त्या वीस चेहऱ्यांत एकही स्त्री नाही. माझ्या दुकानात तो तक्ता दहा महिने टांगलेला होता आणि निराधार अनुदानाचे अर्ज घेऊन येणाऱ्या बायका तो नुसत्या पाहून जात.

पक्षाची सीमा ओलांडून खाती हलल्याचा प्रसंग या गुंडाळीत एकच सापडतो, तो जुलै 2023 चा. 2 जुलैला अजित पवार आणि त्यांचे आठ सहकारी सरकारात आले आणि खातेवाटपाला 14 जुलै उजाडला. हे बारा दिवस का लागले, हे तेव्हाचा तक्ता आणि त्यावरील चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की समजते. वाटेकरी दोनचे तीन झाले होते, त्यामुळे नव्याला द्यायचे ते जुन्या दोघांच्या ताटातूनच काढावे लागणार होते. वित्त फडणवीस यांच्याकडून अजित पवार यांच्याकडे गेले. कृषी अब्दुल सत्तार यांच्याकडून मुंडे यांच्याकडे. सहकार अतुल सावे यांच्याकडून वळसे पाटील यांच्याकडे. वैद्यकीय शिक्षण गिरीश महाजन यांच्याकडून हसन मुश्रीफ यांच्याकडे. अन्न व औषध प्रशासन संजय राठोड यांच्याकडून धर्मरावबाबा आत्राम यांच्याकडे. त्या पंधरवड्यात मी पत्त्याच्या जागी फक्त 'मा. मंत्री महोदय' इतकेच टंकत होते आणि खात्याचे नाव टाकून व्यक्तीचे नाव गाळत होते. ती सवय पुढे कायम ठेवली असती तर बरे झाले असते. ऑगस्ट 2025 च्या पहिल्या आठवड्यात घाईत एका शेतकऱ्याचा पीकविम्याचा अर्ज जुन्याच मंत्र्यांच्या नावाने गेला. पंचवीस दिवसांनी 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात येत आहे' असे उत्तर आले आणि त्या गृहस्थांनी ते माझ्यासमोर काचेवर ठेवले. चूक माझी होती, चिठ्ठी भिंतीवर होती.

माळ्यावरच्या या तक्त्यांतून फक्त कृषी खात्याची ओळ काढली तर 2019 अखेरपासून दादा भुसे, अब्दुल सत्तार, धनंजय मुंडे, माणिकराव कोकाटे आणि दत्तात्रय भरणे असे पाच मंत्री होतात, सहा वर्षांच्या आत. याउलट फलोत्पादन हे खाते रोजगार हमीच्या जोडीने संदिपान भुमरे यांच्याकडे महाविकास आघाडीतही होते, शिंदे सरकारातही होते, आणि डिसेंबर 2024 मध्ये ते भरत गोगावले यांच्याकडे आले. तिन्ही सरकारांत ते शिवसेनेच्या, आणि फुटीनंतर शिंदे यांच्या शिवसेनेच्या वाट्यालाच राहिले. आमच्या भागात याला व्यवहारात अर्थ आहे. एकाच शेतकऱ्याच्या एकाच गटात अर्धा कांदा आणि अर्धे डाळिंब असते. कांद्याच्या बियाण्याची तक्रार कृषी खात्याकडे, डाळिंबाच्या रोजगार हमीतील लागवडीच्या रखडलेल्या मजुरीची तक्रार रोजगार हमी व फलोत्पादनाकडे, बाजार समितीतील वजनकाट्याची तक्रार पणनकडे आणि अवकाळीच्या पंचनाम्याची मदत व पुनर्वसनाकडे. चार अर्ज, चार मंत्री, तीन पक्ष. तक्त्यात 'कृषी' आणि 'फलोत्पादन' एकमेकांपासून तीन ओळी दूर आहेत आणि त्यांचा काही संबंध असेल अशी शंकाही पाहणाऱ्याला येत नाही.

पाण्याच्या बाबतीत तर तक्त्याने हातच टेकले आहेत. या सरकारात जलसंपदा खाते खोऱ्यांप्रमाणे विभागलेले आहे : गोदावरी आणि कृष्णा खोरे विकास महामंडळे राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे, विदर्भ, तापी आणि कोकण महामंडळे गिरीश महाजन यांच्याकडे. तक्त्यात दोघांच्याही खाली 'जलसंपदा' लिहून पुढे कंसात खोऱ्यांची आद्याक्षरे कोंबली आहेत, ती भिंगातूनही उलगडत नाहीत. आमच्या चांदवडच्या डोक्यावर सातमाळ्याची डोंगररांग आहे आणि तीच पाण्याची वाटणी करते; राहुड घाट उतरून मालेगावकडे निघाले की पाणी गिरणेला आणि पुढे तापीला जाते, इकडच्या उतारावरचे गोदावरीला. घाटाच्या दोन्ही अंगांना थोडी थोडी जमीन असलेले एक वयस्कर गृहस्थ मार्चमध्ये आवर्तनाची मागणी घेऊन आले. त्यांना मी दोन मंत्र्यांना दोन अर्ज करावे लागतील असे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ताई, डोंगर एक, सातबारे दोन हे ठाऊक होतं, मंत्रीबी दोन निघाले का?" मी दोन प्रती काढून दिल्या आणि पैसे एकाच अर्जाचे घेतले.

येथे एक बारकावा आहे. जलसंपदेची ही फाळणी दोन पक्षांत झालेली नाही. विखे पाटील आणि महाजन दोघेही भाजपचे आहेत, म्हणजे ही एकाच घरातील दोन ज्येष्ठांची सोय आहे. ऊर्जेचेही तसेच : मूळ खाते मुख्यमंत्र्यांकडे आणि अपारंपरिक ऊर्जा अतुल सावे यांच्याकडे. सार्वजनिक बांधकामाची फाळणी मात्र खरोखर पक्षांमधली आहे. एरवीचे रस्ते आणि शासकीय इमारती भाजपचे शिवेंद्रसिंहराजे भोसले यांच्याकडे, आणि 'सार्वजनिक उपक्रम' या नावाने रस्ते विकास महामंडळाचे, म्हणजे समृद्धी महामार्गासारखे काम शिंदे यांच्याकडे. आघाडीत खात्याची नावे लांबतात आणि कंस वाढतात ते उगाच नव्हे. प्रत्येक कंस ही कोणाची तरी समजूत काढल्याची खूण असते. तक्ता छापणाऱ्याला कंस म्हणजे जागेची अडचण वाटते. मला वाटते की तक्त्यातील सर्वांत बोलका मजकूर तोच आहे आणि तो सर्वांत मोठ्या अक्षरात हवा होता.

तळाची राज्यमंत्र्यांची ओळ कोणी वाचत नाही. मीही जूनपर्यंत वाचली नव्हती. एका दुपारी वीज गेली होती, गिऱ्हाईक नव्हते, म्हणून मी पेन्सिलीने प्रत्येक राज्यमंत्र्याच्या नावापुढे पक्ष लिहिला आणि त्यांच्या खात्यांपुढे त्या खात्याच्या मंत्र्याचा पक्ष लिहिला. गृह खाते भाजपच्या मुख्यमंत्र्यांकडे, तर गृह (शहरे) याचे राज्यमंत्री शिवसेनेचे योगेश कदम. नगरविकास शिंदे यांच्याकडे, तर तेथील राज्यमंत्री भाजपच्या माधुरी मिसाळ. वित्त आणि कृषी तेव्हा राष्ट्रवादीकडे, तर दोन्हींचे राज्यमंत्री शिवसेनेचे आशिष जयस्वाल. पाणीपुरवठा शिवसेनेचे गुलाबराव पाटील यांच्याकडे आणि राज्यमंत्री भाजपच्या मेघना बोर्डीकर. शालेय शिक्षण शिवसेनेचे दादा भुसे यांच्याकडे आणि राज्यमंत्री भाजपचे पंकज भोयर. सार्वजनिक बांधकाम भाजपकडे आणि राज्यमंत्री राष्ट्रवादीचे इंद्रनील नाईक. अपवाद आहेत, गृह (ग्रामीण) भाजपच्याच भोयर यांच्याकडे आहे, पण एकंदर वीण अशीच की ज्याचे खाते त्याचा राज्यमंत्री बहुधा दुसऱ्या घरचा. सासूच्या स्वयंपाकघरात जावेच्या माहेरची माणसे मदतीला ठेवावीत, तसा हा प्रकार दिसतो. आता राज्यमंत्र्याला प्रत्यक्ष किती अधिकार मिळतात हे मंत्री त्याच्याकडे किती विषय सोपवतात यावर असते, त्यामुळे या विणीचा उपयोग नजर ठेवण्यापुरताच होत असेल; परंतु 80 रुपयांत एवढे जरी तक्त्याने दाखवले असते तरी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

उपमुख्यमंत्र्यांच्या मोठ्या चौकटींबद्दल थोडेसे. संविधानात हे पद नाही. शपथ मंत्री म्हणूनच होते. राज्यात पहिले उपमुख्यमंत्री 1978 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळात नासिकराव तिरपुडे झाले, आणि तेही दोन काँग्रेसच्या आघाडीचेच सरकार होते, म्हणजे हे पद आपल्याकडे जन्मालाच आघाडीच्या घरात आले. पूर्वी एक पुरे, आता दोन लागतात. त्यांच्यातील मानाचा क्रम चौकटीच्या आकाराने ठरत नाही, फाइलच्या वाटेने ठरतो : 2025 मध्ये मुख्य सचिवांच्या आदेशाने अशी व्यवस्था झाली की फाइल अजित पवार यांच्याकडून शिंदे यांच्याकडे आणि मग मुख्यमंत्र्यांकडे जावी. आधीच्या सरकारात शिंदे मुख्यमंत्री असताना फाइल त्यांच्याकडे जाण्यापूर्वी फडणवीस यांच्याकडून जात असे. दोन बाणांनी हे दाखवता येते. तक्त्यात दोन्ही उपमुख्यमंत्र्यांचे हसरे चेहरे समान उंचीवर आहेत.

उजव्या कोपऱ्यात पालकमंत्र्यांची यादी आहे आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीने ती सर्वांत कामाची, कारण जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो आणि गावातला रस्ता, शाळेची खोली, दलित वस्तीतील गटार यांचा पैसा तेथून हलतो. ही यादी 18 जानेवारी 2025 ला जाहीर झाली. त्यात नाशिक गिरीश महाजन यांच्याकडे आणि रायगड अदिती तटकरे यांच्याकडे होते. शिवसेनेकडून नाशिकसाठी दादा भुसे आणि रायगडसाठी भरत गोगावले यांचा आग्रह होता, आणि दुसऱ्याच रात्री दोन्ही नियुक्त्यांना स्थगिती मिळाली. छापणाऱ्याचे दुर्दैव असे की त्याने नेमका त्याच दिवशी तक्ता यंत्रावर चढवला असावा. नाशिकपुढे महाजनांचे नाव ठळक अक्षरात छापलेले आहे. सप्टेंबर 2025 संपत आला तेव्हा 2027 च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाली होती, भुसे, कोकाटे, नरहरी झिरवाळ आणि मेपासून भुजबळ असे चार मंत्री एकट्या आमच्या जिल्ह्यातले होते, आणि पालकमंत्र्याची जागा तरीही तशीच होती. 15 ऑगस्टला नाशिकचे ध्वजारोहण महाजन यांनी केले, त्यामुळे तक्ता बरोबर असल्याचा समज दुसऱ्या दिवशी दोन-तीन जणांनी माझ्याजवळ बोलूनही दाखवला. ध्वजारोहणासाठी मंत्री वेगळ्या आदेशाने नेमतात हे सांगितले, तेव्हा एकाने विचारले की मग अर्जावर काय लिहू. मी 'मा. अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, मार्फत मा. जिल्हाधिकारी, नाशिक' असे टंकून दिले.

विक्रीनंतरच्या सेवेचेही सांगते. तक्त्याच्या पायथ्याशी छापणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक आहे, तेथे मी ऑगस्टमध्ये फोन केला आणि बदललेल्या नावांच्या चिकटणाऱ्या पट्ट्या दहा-वीस रुपयांत मिळतील का असे विचारले. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले. "ताई, डिसेंबरात शपथविधी झाला तेव्हा मी छायाचित्रं जुळवून बसलो होतो आणि सहा दिवस खातीच जाहीर होईनात, नागपूरचं अधिवेशन संपलं तेव्हा कुठं वाटप झालं. अन् आता पट्ट्या छापल्या आणि परवा आणखी कुणी बदललं तर?" त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. ते पुढे म्हणाले की मित्रपक्षांच्या मंत्र्यांना अडीच-अडीच वर्षांचीच मुदत दिल्याची चर्चा आहे, तेव्हा नवी आवृत्ती एकदम त्या वेळीच काढू.

गुणांचा प्रश्न त्यांनीच सोडवला असे म्हणायचे. पाचपैकी अडीच. कागद, लॅमिनेशन आणि पट्ट्यांना दोन, एकूण संख्या आणि नावांच्या शुद्धलेखनाला अर्धा. बाकीचे अडीच पक्षाचा रकाना, खात्यांनुसार मांडणी आणि तारखा यांच्यासाठी राखून ठेवले आहेत. ज्यांना शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या भिंतीवर शोभेसाठी हवा असेल त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांना माझ्यासारखे त्यावरून पत्ते टंकायचे आहेत त्यांनी घेताना सोबत चिठ्ठ्यांचे पाकीटही घ्यावे, आणि तक्ता हाताला येईल इतक्या खाली टांगावा. माझा स्टुलावर चढण्याचा त्रास मी सप्टेंबरात खिळा एक हात खाली ठोकून संपवला.

कृषीवरची चिठ्ठी आता कडेने उचलली आहे, ती या आठवड्यात बदलीन. नाशिकच्या नावावर मात्र चिठ्ठी लावलेली नाही. तेथे पेन्सिलीने एक हलकी आडवी रेघ आहे, आणि खोडरबर टेबलाच्या खणात आहे.